डाव्या खांद्यावरची केबल

मिस्तरीचं हृदय थांबलं नव्हतं, मंदावलं होतं. मिनिटाला तीस ठोके. कारखान्याच्या जिन्यात कोसळला, तेव्हा कुठे कळलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हृदयाच्या स्नायूला चालायला मेंदूचा हुकूम लागत नाही. वरच्या कप्प्यात विजेची बारीक ठिणगी पडते, ती खाली उतरली की ठोका. तुमची उतरायची वाट तुटलीय. खालचे कप्पे आपल्या परीनं रेटतायत, पण पुरत नाही."

मग डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत पेसमेकर बसवला. "वेल्डिंग मात्र बंद," बाईंनी बजावलं.

बजावणाऱ्याचं काय जातं? तीस वर्षं ज्यानं लोखंडाला लोखंड जोडलं, त्यानं दुसऱ्या दिवसापासून करायचं काय? मालकानं तोडगा काढला, "गेटवर खुर्ची टाकून बस."

"मी काय कडीकोयंडा आहे, दाराला लावायला?"

"अहो, हट्ट सोडा," म्हणून बायकोनं घसा कोरडा केला. तिसऱ्या महिन्यात तो वेल्डिंगला गेलाच. पाण्याच्या टाकीची शिवण, म्हणजे पत्र्यांचा सांधा, जोडायला धरली. वेल्डिंगची जाड केबल सवयीनं डाव्या खांद्यावर टाकली, तिचं वजन मनगटावर येऊ नये म्हणून जुने वेल्डर टाकतात तशी. वीतभर शिवण झाली आणि डोळ्यांपुढे अंधार. वेल्डिंगची कांडी धरणारा होल्डर हातातून सुटला, ठिणग्या विझल्या. दोन-चार श्वासांत मिस्तरी शुद्धीवर आला.

गॅसनं पत्रे कापणारा कटिंगवाला धावला. "म्हाताऱ्या, मरायला हीच जागा सापडली?"

"मेलो असतो तर उत्तर दिलं नसतं," मिस्तरी पुटपुटला.

डॉक्टरीणबाई संतापल्याच. "ते यंत्र सतत कान लावून असतं. हृदय आपणहून ठोका देतंय असं वाटलं की गप्प बसतं. केबलमधल्या विजेची खरखर त्याला ठोक्यांसारखी वाटली, आणि ते गप्प बसलं!"

"म्हणजे माझ्याच कामानं त्याला फसवलं," मिस्तरी म्हणाला. बायकोनं त्याची बाही घट्ट धरली.

सकाळी तो मालकापुढे उभा राहिला. "मला कटिंगवर घ्या. तिथं नुसती ज्योत आहे, वीज नाही."

"तिथं माणूस आहे."

"मिस्तरी मला शिवण शिकवणार असेल, तर घेऊ दे माझी जागा," मागून कटिंगवाला म्हणाला.

मालकाला मान हलवावी लागली. कटिंगवाल्यानं होल्डर धरला आणि मिस्तरी विजेपासून दहा पावलं लांब उभा राहून ओरडत राहिला, "घाई नको! मनगट सैल सोड!"

कटिंगवाल्याची पहिली शिवण जाड, वाकडी आली. काम थांबल्यावर मिस्तरीनं जवळ येऊन ती निरखली. मग म्हणाला, "गळणार नाही. पुढची धर."