मरीआईची काकणं

सुनेनं आज फरशी फिनेलनं पुसली, अन् त्या वासानं मला तालुक्याचा दवाखाना आठवला.

त्या साली पटकीची साथ आली, तवा सरकारनं अख्खा दवाखाना पटकीसाठीच राखून ठेवला. बाकीचे रोगी घरी धाडले, नातेवाईक फाटकाबाहेर. लोकांनी त्या फाटकालाच मरीआईचं ठाणं केलं. दहीभात, लिंबं, खण तिथंच ठेवायचे. माझी बायको आत होती, म्हणून म्याबी देवीला हिरवी काकणं आणली.

तिनं फाटकाजवळच्या खिडकीतनं बघितलं. आवाज पार खोल गेलेला.

"अवो, ती मला द्या."

"गप. देवीची हायत."

"देवीपुढं ढीग पडलाय. इथं सुई टोचायला माझी फोडली. तुमी धडधाकट उभे, अन् माझे हात भुंडे!"

दवाखान्याची आया हसली. काकणं औषधाच्या पाण्यात बुचकळून तिनं आत नेली.

बायको जगली. पोरंबाळं झाली. पण देवीची वस्तू घेतली, देवी कधीतरी वसूल करील, हे भ्या माझ्या मनातनं गेलं न्हाय. ती नुसती खोकली तरी मी उठून बसायचो.

मागल्या महिन्यात ती म्हातारपणानं गेली. आता मला कशाचंच भ्या वाटत न्हाय.