विमानवाहू जहाजाचं पार्किंग

“अरे, बाहेर काढ ते जहाज. बंदरात ठेवून त्याचं लोणचं घालणार आहेस का?”

बायको ओरडत होती. ती कर्वेनगरात ओरडली की धायरीतली कुत्री उठून बसतात. हडपसरच्या आयटी पार्कात ती मजलाभर माणसं कामाला लावते. रविवारी मात्र तिच्या हाती एकटा मीच सापडतो.

समोर कॉम्प्युटरवर माझं आणि सासऱ्यांचं युद्ध पेटलं होतं. खेळ बुद्धिबळासारखा, आधी एकाची चाल, मग दुसऱ्याची. फक्त प्याद्यांऐवजी शहरं, फौजा आणि आरमारं. निवृत्त झाल्यापासून सासरे त्यात जगज्जेते झालेत. एका चालीला इतका वेळ घेतात, की मी गुळगुळीत दाढी करून बसलो तर माझी पाळी येईपर्यंत साधू होतो.

पैज मोठी होती. सोसायटीतल्या आमच्या एकुलत्या एक पार्किंगमध्ये सासऱ्यांची स्कूटर उभी असते. ती चालू झालेली मी पाहिलेली नाही. बहुधा तिला मध्ये ठेवून भोवती सोसायटी बांधली असावी. माझी नवी गाडी इतकी लांब लावावी लागते, की गाडीपर्यंत जायला मी रिक्षा करतो. मी जिंकलो तर स्कूटर भंगारात, हरलो तर तिथेच.

म्हणून देशातले सगळे कारखाने जुंपून मी विमानवाहू जहाज बांधलं आणि राजधानीच्या बंदरात लावून ठेवलं. आता पुण्यात ज्याला पार्किंग मिळतं तो गाडी हलवत नाही, सख्ख्या भावाच्या वरातीलासुद्धा चालत जातो. माझा हातच धजेना. विमानं उडायची, समुद्र बघायची आणि परत यायची. शत्रू त्यांच्या पल्ल्याबाहेर पोहे खात बसलेला.

“जहाज पुढे ने,” बायको म्हणाली. “पण किनाऱ्याला चिकटू नकोस, तोफा फोडून काढतील. त्याला स्वतःला लढता येत नाही. भोवती विनाशिका ठेव, पुढे पाणबुडी पाठव, ती बघून सांगेल. मग लांबूनच विमानं सोड.”

“तू कोणाकडून आहेस?” सासऱ्यांनी पेपराआडून विचारलं.

“गाडी मीही चालवते, बाबा.”

मी मन घट्ट केलं. बंदरातली झाडून सगळी जहाजं बाहेर काढली आणि तिने सांगितल्याबरहुकूम मांडली. मग विमानं सुटली ती काय सांगू. सासऱ्यांच्या युद्धनौका भज्यांसारख्या तळून निघाल्या, किनाऱ्यावरच्या तोफा आपण होऊन वितळल्या, एक वैमानिक तर जाताना मला हात करून गेला. मी मनातल्या मनात गाडी रिव्हर्स घेत पार्किंगमध्ये लावलीसुद्धा.

“बरं,” सासरे म्हणाले. “आता आपण गॅलरीत जा.”

दुसऱ्याची चाल बघायची नाही, असा घरचा नियम; माझ्या चालीला ते पेपराआड, त्यांच्या चालीला मी गॅलरीत. मी गॅलरीत उभा राहून खालच्या स्कूटरकडे दयेने पाहत होतो. आश्चर्य म्हणजे या वेळी त्यांनी मला लगेच आत बोलावलं.

माझ्या राजधानीवर त्यांचा झेंडा होता, म्हणजे खेळ संपला. सगळ्या विनाशिका जहाजाच्या दिमतीला गेलेल्या, विमानं हल्ला करून डेकवर धापा टाकत पडलेली, आणि राजधानीत राखणीला खेळाच्या सुरुवातीपासूनचा एक म्हातारा भालेवाला. सासऱ्यांची सैनिकांनी भरलेली होडी मागच्या बेटाआड किती चालींपासून दबा धरून होती, देव जाणे.

“आपण हलताय कधी, तेवढंच बघत होतो,” ते चष्मा पुसत म्हणाले.

बायको फोनवर गाडीपर्यंतची रिक्षा शोधायला लागली. ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

“अहो बाबा, पण ती स्कूटर कुठे जातच नाही,” मी शेवटचा प्रयत्न केला.

“म्हणून तिची जागा टिकली.”