टाकी अडवून ठेवणारे बनसोडे सर

निवृत्ती बनसोडे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते एस.टी.तून खाली उतरताना. कुंडलजवळच्या आमच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू होण्यासाठी मी मिरजेत गाडीत बसलो होतो. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांच्या पिशवीत छोट्या इंजिनांच्या प्लॅस्टिकच्या फुटक्या टाक्या होत्या. कंडक्टरना पेट्रोलचा वास आला. टाक्या धुतलेल्या आहेत, रिकाम्या आहेत, असे गृहस्थ म्हणाले. धुतल्या असल्या तरी वास येतोय, असे कंडक्टर म्हणाले. गाडी सुटायची वेळ झाली होती आणि सगळे प्रवासी गृहस्थांच्या बाजूने बोलू लागले. त्यांनी मात्र एक टाकी नाकाशी धरली, "तुमचं बरोबर आहे," असे कंडक्टरना सांगितले आणि पिशवी घेऊन उतरले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या तांत्रिक विभागामागे त्याच टाक्या उन्हात वाळत घातलेल्या दिसल्या. त्या विभागात इंजिनदुरुस्ती शिकवणाऱ्या सरांची ओळख झाली ती तिथे.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी इतरांनी लिहिले आहेच. मी इंजिनांतला माणूस नव्हे. तरीही मला एका टाकीविषयीच लिहावेसे वाटते. त्यामुळे सरांचे मोठे काम लहान होईल का, अशी शंका मनात येते. परंतु मला सर समजले ते त्या टाकीमुळेच.

माझे धाकटे बंधू विलास सरांचे विद्यार्थी. आमची द्राक्षबाग तेच पाहतात. बागेत औषध मारण्यासाठी त्यांच्याकडे पाठीवर घ्यायचा, छोट्या पेट्रोल इंजिनावर चालणारा पंप होता. त्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसू लागले आणि आभाळ भरून आले. अशा हवेत वेलींवर डावणी रोग पडतो, आणि तो पडला की घड हातचे जातात. नेमकी तेव्हाच पंपाची पेट्रोलची टाकी खालच्या बाजूला, नळी बसते तिथे, तडकली. विलासनी आमच्याकडे सगळेच करतात तसे केले. चिरेत कपड्याचा साबण दाबून बसवला. पत्र्याच्या टाकीला तो घरी पोहोचेपर्यंत तारतो. इथे अर्ध्या दिवसात पुन्हा थेंब पडू लागले. मग आम्ही दोघे सरांकडे गेलो.

सरांनी आधी तो साबण काढला. तो राहिला तर प्लॅस्टिक प्लॅस्टिकला धरत नाही, असे ते म्हणाले. टाकी सोड्याच्या कढत पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. मग चिरेच्या कडा खरवडल्या. ती खरवड आणि आपल्या जुन्या टाक्यांतल्या एकीचा कपटा लांब नेऊन पेटवला. दोन्हींना विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला, म्हणजे प्लॅस्टिकची जात एकच, असे ठरले. त्या जुन्या टाकीची पट्टी कापली. विलासची टाकी चीर वर येईल अशी उलटी धरून तीत पाणी भरले, वर पेट्रोलच्या वाफेला जागा राहू दिली नाही, आणि डाख द्यायच्या विजेच्या सळईने पट्टी वितळवत चीर भरून काढली. हे सारे इतक्या सावकाश चालले होते की विलास दारात उभे राहून सारखे आभाळाकडे पाहत होते.

पाण्याने टाकी गळली नाही. विलासनी ती उचलली. सर म्हणाले, पाणी थांबले म्हणून पेट्रोल थांबेलच असे नाही. त्यांनी पेट्रोल भरून टाकी कोऱ्या कागदावर ठेवली. बऱ्याच वेळाने कागदावर रुपयाएवढा ओला डाग उमटला.

"एवढं चालतंय की, सर," विलास म्हणाले. "थेंब बी न्हाई त्यो."

"पाठीवर घेतोस. शेजारी तापलेला सायलेन्सर असतोय."

"लोकं काय गळके पंप वापरत न्हाईत व्हय? आन् पंप तुमचा हाय का माझा?"

"पंप तुझा हाय, ने. टाकी माझ्या हातची हाय, ती ठेवून जा."

विलास खरोखरच टाकीशिवाय पंप घेऊन निघून गेले. वाटभर ते मला मागे टाकून झपझप चालत राहिले. बाग गेली तर वर्ष जाणार होते, आणि सरांकडे मी त्यांना नेले होते.

सकाळी बागेत गेलो तर सर आधीच आलेले. कोणाकोणाकडून मागून आणलेले हाताने दाबायचे दोन पंप त्यांच्या सायकलला बांधलेले होते. एक त्यांनी विलासपुढे ठेवला, दुसरा स्वतःच्या पाठीवर घेतला. सरांना औषध मारायची सवय नव्हती. विलास थोडा वेळ पाहत राहिले आणि मग न राहवून म्हणाले, "आवं सर, पानाच्या खालनं मारा. डावणी खालनं धरती. वरनं काय आंघोळ घालताय?" सर म्हणाले, "बरं बाबा," आणि नोझल उलटे धरून चालू लागले. मी पाणी वाहत होतो. दुपारनंतर पाऊस आला तेव्हा ओढ्याकडच्या चार ओळी राहिल्या होत्या. त्या गेल्या. बाकीची बाग वाचली.

टाकी सरांनी पुन्हा खरवडली, पुन्हा भरली, आणि कागद कोरडा राहिला तेव्हाच दिली.

सर बरोबर होते का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला. चार ओळी गेल्या हे डोळ्यांनी दिसत होते. गळक्या टाकीने विलासची पाठ भाजलीच नसती तर? जे घडलेच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? एकदा मी सरांनाच विचारले. ते म्हणाले, "पेटलीच असती असं मी कुठं म्हणतोय? पेटणार नाही असं मला म्हणता येत नव्हतं."

आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतही सर जनरेटर बंद करून, निवू देऊन मगच पेट्रोल भरू देतात. तेवढा वेळ गाणी थांबतात, दिवे जातात, पोरे कुरकुरतात. सर बॅटरी हातात धरून शांत उभे असतात. सत्काराला मात्र ते सहजी तयार झाले नाहीत. आपण बिघडलेल्या वस्तू धरून बसलो, एवढेच आपले काम, असे त्यांचे म्हणणे होते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा विलासना विचारले, तुमच्यातर्फे काय लिहू? ते म्हणाले, "सरांच्यामुळं माझ्या चार ओळी गेल्या, ते पयलं लिव्ह, दादा." मग म्हणाले, "परवा नवा पंप दाखवायला नेलाय त्यांच्याकडं. दुकानातनं आणला तसाच. अजून सोडला न्हाई त्यांनी."

सरांची नजर अशीच बारीक राहो, हात असेच स्थिर राहोत. आमच्या वस्तू अडवून ठेवण्याचे आणि आमचा राग सोसण्याचे बळ त्यांना निरोगी शरीरानिशी पुढची कैक वर्षे लाभो, ही आम्हा दोघा भावांची मनापासून इच्छा.