चिकाचा डाग

परवा बाजारात घड उचलताना केळीचा चीक बाहीवर गळला, काळा डाग पडला, आणि तीस वर्षांपूर्वीचा संताप पुन्हा उसळला.

तेव्हा मी जळगावच्या कॉलेजात संशोधन करत होतो. प्रोटॉनचा मारा केला की सोन्याच्या अणूतला अगदी आतला इलेक्ट्रॉन उडतो आणि एक्स-रे निघतो. तो आम्ही मोजायचो. त्यासाठीचा सोन्याचा पातळ पत्रा मी कायम चिमट्यानेच धरायचो. माझे मार्गदर्शक सर तो परगावच्या मोठ्या यंत्रावर घेऊन गेले आणि तणतणतच परतले. आलेखात सोन्याबरोबर क्लोरीन आणि पोटॅशियमही उमटलं होतं.

स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ते माझ्यावर ओरडले, "केळीवाल्या सावद्याचे ना तुम्ही? हात धुता का कधी? केळीचा चीक लावून ठेवलात!"

स्टाफरूम खदखदून हसली. नेमके तेव्हाच माझे वडील, आबा, मला डबा द्यायला आले होते. टेबलावरच्या पत्र्यावर वाकून ते म्हणाले, "सायेब, चिकाचा डाग काया पडते. इथी तं अंगठा उमटेल हाये."

घामात क्लोरीन असतं, पोटॅशियमही असतं, हे मला पाठ होतं. पत्रा घेऊन कोण गेलं होतं आणि अंगठा कोणाचा, तेही कळत होतं. आणि मी काय केलं? सरांची माफी मागितली! वर वडिलांवरच खेकसलो, "आबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. बाहेर बसा."

आबा निघाले. दारात थांबून त्यांनी आपले दोन्ही हात धोतराला पुसले.