हाडवैद्याच्या मुलाची मान

माझे वडील हाडवैद्य होते. कुठे शिकलेले नव्हते. हाताला गुण, एवढंच. माडावरून पडलेला असो की होडी ओढताना खांदा निखळलेला, जो तो आमच्या खळ्यात, अंगणात येऊन बसायचा. पण बाबांचा खरा रुबाब हुतुतूच्या सामन्यांना. भात कापून मळे मोकळे झाले की गावागावांचे सामने लागत, आणि मैदानाच्या कडेला एक चटई बाबांची असे, शेजारी खोबरेलाची बाटली. तिथे ते दोन्ही गावांचे. कुणी आपटला की त्याला चटईवर बसवायचं, बाबा त्याची हनुवटी धरून मानेला हिसका देत, कट्ट असा आवाज येई आणि लोक टाळ्या वाजवत. गडी बाद झाल्यावर वाजवतात तशाच. आवाज जितका मोठा, तितका माणूस बरा, अशी आमच्याकडे पक्की समजूत. चटईवरून उठलेल्याने पुन्हा आत जायचं. नाही गेला, तर वर्षभर त्याची टिंगल.

एका वर्षी खाडीपलीकडच्या गावचा एक गडी बाबांचा असाच हिसका घेऊन हसत आत गेला. सामना जिंकून घरी जाऊन आडवा झाला, तो बरेच दिवस उठला नाही. उठला तेव्हा त्याचा हात थरथरत होता आणि बोलताना शब्द अडत होते. लोक बाहेरची बाधा म्हणून मोकळे झाले. बाबा त्याला बघून आले आणि घरात त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. मला असल्या गप्प बसण्याचा भारी राग येतो. मी विचारलं, तर उठून गोठ्यात गेले.

पुढच्या वर्षी त्याच गावाशी सामना होता. मी सामन्यासाठी म्हणून सासरहून आले होते, कारण माझा धाकटा भाऊ आमच्या गावचा हुकमी गडी. त्याच्या एका चढाईत त्यांच्या दोघांनी त्याचे पाय धरून उचलला, आणि तो डोक्यावर आपटला तो नेमका शेताच्या मेरेवर. मेर म्हणजे बांध, उन्हाने दगडासारखा झालेला. आवाज मला बायकांत बसूनही ऐकू आला. तो उठला, अंगावरची माती झटकली, आणि जाऊन समोरच्यांच्या बाजूला, त्यांच्याच गड्यांत उभा राहिला. मैदानभर हशा पिकला. मी मात्र लुगडं सावरत चटईकडे धावले.

त्याला चटईवर आणून बसवला होता. आमच्या संघाचा म्होरक्या घाईला आला होता.

"काका, शीर चढली आसतली. हिसको द्या नि धाडा त्येका."

बाबांनी हाताला तेल लावलं. एक हात हनुवटीखाली, एक मानेमागे. सगळे त्या कट्टची वाट बघत होते. भावाने डोळे वर करून बाबांकडे बघितलं आणि हसून विचारलं, "आये खंय आसा?"

आईला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. तिला अग्नी त्यानेच दिला होता.

"बाबा, हात काढा," मी म्हणाले. बायकांनी मैदानात बोलायची रीत नव्हती. गेली खड्ड्यात रीत.

"गो बाय, तू गप ऱ्हव," म्होरक्या म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "हिसको द्या!" मग सगळेच ओरडायला लागले. बाबांचे हात मानेवर तसेच होते. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. ते देतील, असं मला क्षणभर खरंच वाटलं. इतक्या लोकांसमोर, इतक्या वर्षांच्या नावासाठी माणूस काय करील सांगता येत नाही.

"आये घराक आसा," ते भावाला म्हणाले. मग म्होरक्याकडे न बघताच बोलले, "माका ह्या कळणा नाय. होडी काढा."

बैलगाडीचे धक्के नकोत म्हणून खाडीतून मालवणला न्यायचं ठरलं. होडीत भाऊ ओकला आणि मग झोपाळल्यासारखा झाला. मी त्याला सारखी हाका मारत होते. बाबा त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते, जरासुद्धा हलू देत नव्हते. वल्हवणारा मध्येच म्हणाला, जरा पाय तरी पसरा. त्यांनी ऐकलंच नाही. बऱ्याच वेळाने ते माझ्याशी बोलले, तेही खाडीच्या पाण्याकडे बघत.

"गेल्या वर्साचो तो पोरगो, तो पण असोच हसत होतो."

इतका राग आणि इतकी कीव एकदम कधी आली नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भावाचे डोळे बॅटरीने तपासले. "मान कुणी ओढली, फिरवली का?" त्यांनी विचारलं. "नाही," बाबा म्हणाले. "मग झोपवून ठेवू. वाट बघण्याखेरीज माझ्याही हातात काही नाही." त्या खाटेशी आम्ही दोघं बसून राहिलो. भाऊ हाकेला कधी हुंकार द्यायचा, कधी तोही नाही. नाही दिला की बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी छपराकडे.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर त्याने डोळे उघडले. खोली बघितली, मला बघितलं, मग बाबांना, आणि कपाळाला आठी घातली.

"हिसको कित्याक देऊक नाय? सामनो आमचो होतो."

त्याचं डोकं दुखरं नसतं तर मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली असती. तो थांबेना. बापाने गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आता पोरं आपल्याला बायल्या म्हणतील, असं काय काय चिडून बोलत सुटला. मी त्याला गप्प करायला पुढे झाले, तर बाबांनी माझा हात धरला.

"बोलांदे गो त्येका," ते म्हणाले, आणि त्याची न अडखळता येणारी प्रत्येक शिवी कान देऊन ऐकत बसले.