हौदातल्या गोगलगाई आणि धुतलेली बरणी

आज सकाळी मी नातीवर जोरात ओरडले. माशांच्या टाकीत गोगलगाई फार झाल्या, म्हणून ती त्या बादलीत भरून नाल्याकडे निघाली होती. "आजी, सोडून देते गं बिचाऱ्यांना!"

मंडळी, अगदी हेच मी केलं होतं. ऐंशी सालाच्या आसपास.

तेव्हा मी वर्ध्याला कॉलेजात होते. मैत्रिणीच्या टाकीतल्या चार गोगलगाई बरणीत घालून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी, हिंगणीला आणल्या, शेतातल्या हौदात सोडल्या आणि बरणी कडब्यात लपवली. महिन्याभरात हौदाच्या भिंती गोगलगाईंनी भरल्या.

बाबांनी आधी हौदातून पाटाकडे जाणारं तोंड बुजवलं. "पाटात गेल्या तं साऱ्या गावाले भोगा लागन." मग रोज संध्याकाळी हौदात बारदाना, म्हणजे गोणपाट, सोडायचा आणि सकाळी त्याला चिकटलेल्या गोगलगाई झटकून उन्हात टाकायच्या.

"बारदाना तू काढत जाजो," बाबा मला म्हणाले. मीच का, हे विचारायची हिंमत झाली नाही. उरलेल्या सुट्टीभर काढला. शेवटी हौद उपसून चुना मारला.

परत निघाले तेव्हा एसटीपाशी बाबांनी पिशवीतून ती बरणी काढली. घासून लख्ख केलेली.

"मैत्रिणीले देजो. येतानी काही भरून आनू नोको, बाई."

बाबा सुट्टीभर एकदाही माझ्यावर ओरडले नव्हते. मला आज दोन मिनिटं धीर निघाला नाही.

नात रुसून खोलीत बसली आहे. बाबांसारखं शिकवणं तुम्हाला जमतं का हो?