वहिनीची दोन गावं

"दीदी, काकी नहीं रही…" एवढंच बोलून फोनवरचा आवाज थांबला. मी कल्याणच्या घरी भाकऱ्या थापत होते. हाताला पीठ होतं, म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. "कौन काकी?" असं मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं. भिवंडीजवळच्या माझ्या माहेरी मला दीदी म्हणणारी माणसं एकाच घराच्या मागे राहतात आणि त्या सगळ्यांची काकी एकच, हिरावहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. फोन केला होता तो तिच्या मागच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या सुनीताने. सुनीता बिहारची, तिचा नवरा रामप्रवेश गोडाऊनमध्ये माल चढवायला. भाच्यांचे फोन नंतर आले. तेही बिचारे वाटेत होते, एक ठाण्याहून निघालेला, एक डोंबिवलीहून, आणि दोघेही ट्रकांच्या मागे अडकलेले. आज दीड-दोन महिने होत आले. लिहावं की नाही, असं रोज वाटतं. पण वहिनीबद्दल कुणी काही लिहील अशी ती बाई नव्हती, आणि म्हणूनच लिहायला बसले आहे.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. वयाने ती माझ्याहून फार मोठी नव्हती. तिचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आमचं गाव अंजूरच्या बाजूला, खाडीलगत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती माझ्याबरोबर बांधावर आली. भरतीचं पाणी चढत होतं. तिने वाकून ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थुंकली. "एवढं पाणी हाय आणि पिता येत न्हाय?" असं ती इतक्या दुःखाने म्हणाली की मला हसू आवरेना. तिच्या माहेरी चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन दरीत उतरायच्या. पण तिथलं सगळं तिला गोड वाटायचं. रानातल्या वाटा, संध्याकाळी खाली येणारी गुरं, एका हाकेवर गोळा होणारी माणसं. आमच्याकडे तेव्हा समोर भाताची शेतं होती, मागे भरतीचं पाणी शिरणारं खाजण, आणि गावात अनोळखी माणूस दिसला तर पोरं त्याच्या मागे मागे जायची. वहिनी दोन्ही गावांत रमली. भातलावणीला माहेरी जायची, तिथली आटोपली की इथे यायची. दोन्हीकडचा चिखल पायाला लागल्याशिवाय तिला वर्ष झाल्यासारखं वाटत नसे.

मग शेतं गेली. ती कशी गेली हे या भागात कुणाला सांगायला नको. आधी भराव आला, मग पत्र्याच्या उंच भिंती, मग रस्त्यावर कंटेनरची रांग. दादाने घरामागे खोल्या बांधल्या. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा… कुठकुठून माणसं आली, खोल्या भरल्या, खोल्यांवर खोल्या चढल्या. आणि जसजसं गाव भरत गेलं तसतशी गावची माणसं निघून गेली. मुलांच्या शाळेसाठी, धुळीला कंटाळून, चांगल्या फ्लॅटसाठी. दादा-वहिनीचे नितेश आणि रूपेशही गेले. त्यांना मी बोल लावत नाही, मी स्वतः कल्याणला राहते. दादा वारल्यावर तर त्या आळीत जुन्या घरांपैकी रोज चूल पेटायची ती बहुतेक वहिनीचीच.

तिकडे डोंगरापायथ्याच्या गावात याच्या अगदी उलट चाललं होतं. पाऊस संपला की माणसं खाली उतरायची, कुणी वीटभट्टीवर, कुणी भिवंडीत नारपोलीला कापडाच्या लूमवर. आधी ती पावसाळ्यात परत जायची, नंतर जाईनाशी झाली. वहिनीचा सख्खा भाऊ गणपत वडप्याला एका गोडाऊनवर वॉचमन लागला. एकदा मी गेले होते तेव्हा गणपत ओटीवर बसून चहा पीत होता आणि वहिनी त्याच्याकडे बघत मला म्हणाली, "कुंदा, माझ्या माहेरी आता घरं हायत, माणसं न्हायत. इथं माणसं हायत तर त्यांना घर न्हाय. कुनी वाटनी केली गो ही?" मी काहीतरी शाळेत शिकवतात तसलं उत्तर दिलं, रोजगार, शहरीकरण असं. तिने मान हलवली. तिला उत्तर नको होतं.

तिची आई मात्र खाली यायला तयार नव्हती. म्हातारी एकदा येऊन राहिली होती, पण रात्रंदिवस ट्रकचे भोंगे ऐकून घाबरली आणि परत गेली. त्या माऊलीचा शेवट झाला तो एका दिवाळीनंतर. सकाळी गणपतचा फोन आला. मी योगायोगाने आदल्या दिवसापासून वहिनीकडेच होते. फोन ठेवल्यावर वहिनी रडली नाही. ती चप्पल घालून सरळ मागच्या खोल्यांकडे गेली. मला वाटलं, जाते म्हणून सांगायला गेली असेल. ती दारं वाजवत होती. "रामप्रवेश, मेरी माँ मर गई. उधर गाँव में उठाने को आदमी नहीं है. तुम लोग चलेगा क्या?" तिचं हिंदी असंच होतं. रामप्रवेश तोंड धुवत होता. ड्युटीची वेळ झालेली. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि शेजारच्या खोल्यांतल्या आणखी तिघांना हाक मारली. कुणाच्या तरी ओळखीचा टेम्पो मिळाला. आम्ही बायका पुढे बसलो, ती पोरं मागे उभी.

वर गावात पोचलो तर खरंच, ओटीवर तीन-चार म्हातारे आणि काही बाया, एवढंच गाव. बाकीची घरं कुलूपबंद. एकाच्या अंगणात तर गुडघाभर गवत. तिरडी म्हाताऱ्यांनी बांधली, पण उचलायला गणपतखेरीज कुणाच्या खांद्यात बळ नव्हतं. रामप्रवेशने वहिनीला विचारलं, "काकी, आपके यहाँ कैसे करते हैं, बता दीजिए." तिने सांगितलं, त्यांनी तसं केलं. एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "ही पोरं कोनाची?" वहिनी म्हणाली, "माझ्या घरातली." स्मशान ओढ्याच्या पलीकडे होतं, वाट चढउताराची. वाटेत बाकीच्यांनी खांदे बदलले, रामप्रवेशने बदलला नाही. परत येताना टेम्पो चहाला थांबला तेव्हा तो वहिनीला म्हणाला, "अपनी माँ को तो कंधा नहीं दे पाया था, काकी. खबर आई, गाड़ी पकड़ी, पहुँचा तब तक सब हो गया था." तेव्हा वहिनी रडली. सकाळपासून अडलेलं सगळं तिथे, हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीवर बाहेर आलं. आणि तो पोरगाही रडला. कोणाच्या आईसाठी कोण रडत होतं हे सांगता आलं नसतं.

त्यानंतर ती माणसं तिची नुसती भाडेकरू राहिली नाहीत. टाळेबंदीत खोल्या रिकाम्या झाल्या, हायवेवरून माणसांच्या रांगा चालत निघाल्या, तेव्हा ती कोणाचंही ऐकत नव्हती. भाकऱ्या करायची आणि फडक्यात बांधून द्यायची. आळी ओस पडल्यावर तिचा मला फोन आला. "कुंदा, माझं माहेर हितं आलं गो," एवढंच म्हणाली. नितेश तिला डोंबिवलीला घेऊन गेला, पण ती तिथे टिकली नाही. सुनीता आणि रामप्रवेश परत आल्याचं कळलं, तशी तीही परत आली.



आमचं गाव आजही कागदावर गावच आहे, ग्रामपंचायतीचं. गावात डॉक्टर असावा म्हणून वहिनी अनेक वर्षं मागे लागली होती. सुनीताचं दुसरं बाळंतपण रस्त्यात, रिक्षात झालं, तेव्हापासून तर फारच. ग्रामसभेला ती एकटी बाई उठून बोलायची. एकदा मी तिच्याबरोबर होते. वरून आलेले साहेब समजुतीने बोलत होते, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मावशी, दवाखाना लोकसंख्येवर मिळतो. तुमच्या गावाची लोकसंख्या तेवढी भरत नाही."

"साहेब, बाहेर येऊन बगा. शिफ्ट सुटलीया. पाय ठेवायला जागा न्हाय."

"ते इथले नाहीत ना. त्यांची नोंद त्यांच्या त्यांच्या गावाला."

"मग आजारी पडल्यावं त्यांनी त्यांच्या गावाला जायाचं?"

सभेत हशा पिकला. वहिनी हसली नाही. "आणि माझ्या माहेरी दवाखाना बांधून ठेवलाय," ती म्हणाली, "तिथं कोन न्हाय म्हनून डॉक्टर येत न्हाय. म्हनजे माणसं असली तरी न्हाय, नसली तरी न्हाय." ती खाली बसली. पुढचा विषय निघाला, गटाराचा.

ती गेली त्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली. घाम सुटला होता, सुनीताने सांगितलं. रामप्रवेश रिक्षा घेऊन आला. भिवंडीकडे जाणारा रस्ता कंटेनरने भरलेला, एक गाडी वळणावर बंद पडलेली आणि दोन्ही बाजूंनी कुणीच मागे सरत नव्हतं. हॉर्न, धूर, आणि रिक्षा जिथल्या तिथे. सुनीता वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वहिनी म्हणे बराच वेळ बोलत होती. सुनीताच्या धाकट्या मुलीला शाळेतून कोण आणणार, ते विचारत होती. मग बोलणं थांबलं. रामप्रवेशने तिला पाठीवर घेतलं आणि ट्रकांच्या मधून वाट काढत चालू लागला. पळता येत नव्हतं, एवढीही जागा नव्हती. नाक्यावरच्या पहिल्या दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टरांनी नाडी बघितली आणि त्यालाच खुर्चीवर बसवलं.

मी पोचले तेव्हा तिला घरी आणलं होतं. नितेश आणि रूपेश आईच्या दोन्ही बाजूंना बसले होते, लहान मुलांसारखे. गणपत वडप्याहून युनिफॉर्मवरच आलेला. अंगणात, आळीत, गोडाऊनच्या भिंतीपर्यंत माणसंच माणसं. आमच्या गावात एवढी माणसं एका ठिकाणी गप्प उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. रामप्रवेश एका कडेला, मोरीजवळ उकिडवा बसला होता. हातात वहिनीची चप्पल. एकच. मी जवळ गेले तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दूसरी रास्ते में गिर गई, दीदी. ढूँढने नहीं जा सका…" मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते? पुढचे कित्येक दिवस मला झोपेत तो रस्ता दिसायचा, आणि ट्रकांच्या चाकांत कुठेतरी पडलेली ती दुसरी चप्पल.

घर आता राहणार नाही. जागा गोडाऊनला जाईल. मुलांनी ठरवलं, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. तिथे राहणार कोण? खोल्यांतली माणसं हळूहळू निघाली. कुणी नारपोलीला खोली बघितली, कुणी आणखी पुढच्या गावात. सुनीता मुलींना घेऊन बिहारला चालली आहे. रामप्रवेश एकटाच राहील, चार जणांत एक खोली घेऊन.

गेल्या रविवारी मी घरातली भांडीकुंडी बांधायला गेले होते. वहिनीचं स्वयंपाकघर मीच आवरावं, असं मुलांचं म्हणणं पडलं. फळ्या रिकाम्या केल्या, बरण्या पुसल्या. तेवढ्यात मागच्या दाराशी सुनीता आली. तिच्या हातात वहिनीचा स्टीलचा डबा होता, कडीचा. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनीने त्यातून काहीतरी पाठवलं होतं आणि तो तिच्याकडेच राहिला होता. या घरात एक रीत होती. वहिनीकडे कुणाचंही भांडं आलं की ते रिकामं परत जायचं नाही. काही नसलं तर मूठभर तांदूळ, दोन कांदे, गुळाचा खडा, पण रिकामं नाही. मागच्या खोल्यांतल्या बायांनी ते कधी उचललं कोण जाणे. मी डबा घेतला तर तो जड लागला.

"ठेकुआ बनाई थी, दीदी, गाड़ी के लिए," सुनीता म्हणाली. "खाली कैसे देती?"

ती गेली. तिची आवराआवर राहिली होती. मी सवयीने भरून द्यायला काही सापडतं का म्हणून मागे वळले, तर फळ्यांवर काहीच नव्हतं आणि डबा तर आमचाच होता. मी तो घेऊन मागच्या पायरीवर बसले. आत गुळाच्या कणकेचे तळलेले गरम, खरपूस तुकडे. झाकण नाकाशी नेलं. घासून घासून लख्ख केलेल्या त्या झाकणाला, अगदी कडेला, वहिनीच्या लसणाच्या चटणीचा वास अजून येत होता…